कानसभा

त्याने हेडफोन दोन्ही तळव्यांनी कानांवर दाबून धरले आणि तीच ओळ पुन्हा वाजवली. बासरी आली, मागून व्हायोलिनं आली, सगळ्यांनी मिळून सूर वर नेला आणि ओळ संपली. पडद्यावरच्या पाच रेघांवर काळे ठिपके मुकाट बसून होते. त्याने उठून खिडकी लावून घेतली, आवाज आणखी वाढवला आणि पुन्हा वाजवलं. बासरी, व्हायोलिनं, वरचा सूर. दुसरं काही नाही.

मग त्याने ‘बासरीवर शिट्टी येते’ या तक्रारीखाली उत्तर लिहायला घेतलं. ‘तपासून पाहिलं. माझ्याकडे आढळत नाही.’ हे वाक्य त्याच्या बोटांना पाठ झालं होतं. याच शिट्टीच्या आधीच्या तक्रारी त्याने याच वाक्याने मिटवल्या होत्या. एका कॉलेजच्या पोराने लिहिलं होतं की बासरीचा लांब सूर लागला की त्यावर डास घोंघावतो. दुसऱ्या कुणीतरी नुसतंच ‘कान फाटतो’ असं लिहिलं होतं. लोकांचे हेडफोन स्वस्तातले असतात, कॉम्प्युटर जुने असतात आणि खापर मात्र सॉफ्टवेअरवर फुटतं, असं त्याने तेव्हा स्वतःला समजावलं होतं.

या वेळची तक्रार एका शाळेतल्या संगीतशिक्षिकेची होती, आणि बाई चिवट होत्या. पहिलं उत्तर मिळाल्यावर गप्प बसल्या नव्हत्या. त्यांनी खाली वर्गातलं एक रेकॉर्डिंग जोडलं होतं. उत्तर पाठवण्याआधी ते ऐकावं, एवढी सभ्यता त्याच्यात होती.

“नमस्कार सर,” बाईंचा आवाज आला. “तुमच्याकडे आढळत नाही म्हणालात, म्हणून म्हटलं वर्गातच ऐकवते. आता नीट ऐका हं.”

बासरी सुरू झाली. तीच ओळ.

“ही बघा, आली,” बाई म्हणाल्या.

पाठोपाठ सगळ्या वर्गाने एकदम ‘ईऽऽ’ केलं. एक खुर्ची फरशीवर सरकली. कुणीतरी हसलं. “बाई, बंद करा ना,” एक बारीक आवाज काकुळतीने म्हणाला.

“अजून आहे,” बाई सांगत होत्या. “अजून आहे... आणि आता थांबली. ऐकलंत ना?”

त्याने खुर्ची ऐकली होती. बाहेरच्या रस्त्यावरून गेलेली बससुद्धा ऐकली होती. बाई ‘आली’ म्हणाल्या आणि ‘थांबली’ म्हणाल्या, त्यांच्या मधल्या जागेत त्याला बासरी आणि व्हायोलिनं सोडून काहीही ऐकू आलं नव्हतं.

त्याच्या पाचावर धारण बसली. लिहिलेलं उत्तर त्याने एकेक अक्षर करून पुसलं.

हे सॉफ्टवेअर कुणाच्या मालकीचं नव्हतं. स्वरलिपी लिहायची, छापायची, वाजवून बघायची, आणि सगळं फुकट. ज्याला वाटेल त्याने त्याचं पोट उघडून आत हात घालावा, काही सुधारलं तर सगळ्यांना परत द्यावं, एवढीच अट. पण दहा जणांचं घर म्हटलं की कुणीतरी घड्याळाकडे बघणारा लागतो, नाहीतर प्रत्येक जण आपापली सोय घुसवत बसतो आणि आवृत्ती काही बाहेर पडत नाही. ते काम त्याचं. कोणती सोय या खेपेला, कोणती पुढच्या, नव्या सोयींना दारं कधी लावायची, आवृत्ती कधी सोडायची, हे सगळं तो ठरवायचा. म्हणून सोबती त्याला ‘पंचांग’ म्हणत, आणि बायकोही चिडली की तेच म्हणे.

दुसरं काम त्याहून जुनं होतं. लिहिलेली स्वरलिपी कॉम्प्युटरने वाजवून दाखवायची, तो सगळा भाग पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे होता. पोटापाण्यासाठी तो पियानो लावायचा. घरोघर, शाळाशाळांतून जाऊन तारा पिळायच्या आणि सूर जागेवर बसवायचा. प्रकल्पातल्या कुणालाही आवाजाबद्दल शंका आली की ते म्हणत, पंचांगला विचारा, त्याचा कान आहे.

आणि त्याचा कानच ऐकेनासा झाला होता. हे त्याला आज कळलं असं नव्हतं. आज फक्त पळून जायला वाट उरली नव्हती.

पियानोच्या अगदी उजवीकडच्या पट्ट्या दाबल्या की त्याला अलीकडे सुराऐवजी नुसता लाकडाचा ठोका ऐकू यायचा. त्या पट्ट्या लावताना तो हत्यारांची पिशवी अशी उघडून ठेवायचा, की झाकणाआड फोन उभा राहावा. फोनवरचा काटा मधोमध आला की तार लागली. गिऱ्हाईक खोलीत आलं की तो डोळे मिटून मान तिरकी करायचा आणि ऐकल्यासारखं करायचा. मध्यंतरी ताप आला तेव्हा थर्मामीटर काखेत धरून तो बराच वेळ आढ्याकडे बघत पडला होता. शेवटी बायको आत आली.

“अहो, कधीचं वाजून गेलं ते.”

“ऐकलं मी,” तो म्हणाला होता. “म्हटलं नीट येऊ दे ताप. राहू दे जरा.”

थर्मामीटर हातात घेऊन ती त्याच्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली होती.

त्याने बाईंचं रेकॉर्डिंग आवाजाचं चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅममध्ये टाकलं. खाली खर्जाचे आवाज, वर तार सप्तकाचे, जितका आवाज मोठा तितका रंग उजळ. तळाशी बासरीचे आणि व्हायोलिनचे जाडजूड पट्टे उमटले. आणि पार वर, जिथे काळोख असायला हवा होता, तिथे एक पांढरी रेघ होती. शिलाईच्या दोऱ्यासारखी सरळ. बाई ‘आली’ म्हणाल्या तिथे ती सुरू होत होती आणि ‘थांबली’ म्हणाल्या तिथे संपत होती.

त्याने त्या रेघेवर बोट ठेवलं.

*

नियोजनाची बैठक रविवारी सकाळी असायची. पडद्यावर तीन चौकोन. एकात तो. दुसऱ्यात मूळपुरुष, ज्याने कॉलेजात असताना हे सगळं एकट्याने लिहायला घेतलं होतं आणि ज्याच्या ओळी आजही सगळ्याच्या तळाशी होत्या. तिसऱ्यात कात्री. ती एका वाद्यवृंदात व्हायोला, म्हणजे थोडं मोठं व्हायोलिन, वाजवायची, आणि इथे तिचं काम कापाकापीचं. ज्याचं काम वेळेत पुरं होणार नाही ती सोय कात्री निर्दयपणे या आवृत्तीतून छाटून टाकायची. बाकी माणसं येत, उन्हाळाभर उत्साहाने काही लिहीत, नोकरी लागली की नाहीशी होत. हे तिघे मात्र एकत्र पिकले होते. डोक्यावरचे केस सगळ्यांचे सारखेच गेले होते, कात्रीचे सोडून.

“बोला पंचांगराव, मुहूर्त कधीचा?” मूळपुरुषाने विचारलं. तो नेहमीच मोठ्याने बोलायचा. स्वभाव, असं सगळे म्हणायचे.

“महिनाअखेर,” तो म्हणाला. “छपाईचं काम झालं. जुन्या फाइली नीट उघडतायत. अडथळा एकच राहिलाय, शिट्टीचा.”

“मग तो अडथळा काढा, नाहीतर स्वरलिपी वाजवणारं नवं आवाज-इंजिन पुढच्या आवृत्तीला ढकला,” कात्री म्हणाली. “मी गिटारवाल्यांचे बोटांचे आकडे कापले, गाण्याच्या शब्दांची नवी मांडणी कापली. लोक मला शिव्याशाप देतायत. इंजिनाला वेगळा न्याय कशाला?”

“इंजिन ढकलायचं नाही,” मूळपुरुष म्हणाला. “दोन वर्षं लोकांना तेच दाखवतोय आपण. ताट वाढलंय, आणि पाहुण्यांना म्हणायचं पुढच्या वर्षी या?”

“ताटात माशी पडली असेल तर म्हणायचं,” कात्री म्हणाली.

मूळपुरुष हसला. मग त्याने तोंड पडद्याजवळ आणलं. “पंचांग, तू ऐकलीस ना ती शिट्टी?”

त्याला या प्रश्नाची रात्रंदिवस भीती वाटत होती. या माणसाच्या कानाची ख्याती होती. कॉलेजच्या खानावळीत बसून तो सांगायचा की फ्रीज कुठल्या सुरात घुमतोय आणि पंखा त्याच्याशी कसा भांडतोय. खोटं बोलायचं तर जगात कुणाशीही बोलावं, याच्याशी नाही.

“हो,” तो म्हणाला. “ऐकली.”

“कशी आहे?”

कॉलेजच्या पोराने लिहिलेलं आठवलं आणि त्याने तेच उचललं. “डास कानाशी आल्यासारखी. बारीक. लांब सुरावर येते.”

“बरोबर,” मूळपुरुषाने मान डोलावली. “डासच. मलाही तसंच वाटलं.”

“हो, डास,” कात्री म्हणाली आणि खाली बघून काहीतरी टिपू लागली. “मग मारणार कधी?”

“या आठवड्यात निकाल लावतो,” तो म्हणाला.

बैठक संपल्यावर त्याने कॅमेरा बंद झाल्याची दोनदा खात्री केली. खोटं पचलं होतं, पण त्यात समाधान नव्हतं. शाळेतल्या पोरांना ऐकू येतं, कात्रीला येतं, मूळपुरुषाला येतं. सगळ्या जगाला ऐकू येणारी गोष्ट एकट्या आपल्यापासून लपून बसली आहे, असं त्याला वाटलं. आज शिट्टी, उद्या झांजा, परवा व्हायोलिनच्या वरच्या तारा. पाणी पायरी-पायरीने वर चढावं तशी ही शांतता खाली उतरत येणार. आणि एक दिवस प्रकल्पातलं कुणीतरी अगदी प्रेमाने म्हणणार, आता आवाजाचं काम दुसऱ्याला देऊ या का? त्याला दुसरं काही येत नव्हतं. कान गेला तर त्याच्या जागी कोण उरतं, हे त्याला खरोखर सुचत नव्हतं.

*

शिट्टी त्याने डोळ्यांनी शोधली. बासरीचा एक छोटा तुकडा खरोखरच्या बासरीवरून घेतलेला होता, आणि लांब सूर हवा असला की तोच तुकडा टोकाला टोक जोडून पुन्हापुन्हा वाजवला जायचा. हे जोड नीट बसले नव्हते. तो चित्रात बघून जोड थोडा मागे घ्यायचा, पुन्हा चित्र काढायचा, पांढऱ्या दोऱ्याकडे बघायचा. दोरा बारीक झाला, मग तुटक झाला. एका दुपारी तो नाहीसा झाला आणि वरचा भाग सगळा काळा राहिला.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. पडद्याकडे बघत उभी राहिली.

“हे काय बघताय?”

“आवाज.”

“आवाज बघताय?”

तिने कप टेबलावर ठेवला, पण ती गेली नाही.

“अहो, एकदा कान दाखवून येऊ या का?”

“माझ्या कानांना काय झालंय?”

“काही झालं नसेल तर उत्तमच. तसं सांगतील ते.”

“अगं, कान हा माझा धंदा आहे.”

“म्हणूनच म्हणतेय,” ती म्हणाली. तिचा आवाज साधाच होता, भाजी आणायची आठवण करावी तसा. “मी येईन बरोबर. बाहेर बसेन.”

“हे काम आटपू दे.”

“काम काय, तुमचं एक आटपलं की दुसरं उभं.” ती दारापर्यंत गेली. “मी मुद्दाम हळू बोलून बघते कधीकधी. तुम्हाला माहितेय?”

त्याने कप उचलला आणि चहाकडे बघितलं. ती गेल्यावर त्याने उठून दार लावून घेतलं.

डॉक्टरकडे जायचं नाही, हे त्याने केव्हाच ठरवलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. जोवर कुणी मोजत नाही तोवर ऐकू कमी येतं ही नुसती शंका होती, आणि शंकेबरोबर माणूस वर्षानुवर्षं राहू शकतो. एकदा बंद खोलीत बसवून, कानाला यंत्र लावून कुणी सांगितलं की इथून पुढे तुमच्याकडे काही नाही, की मग पियानोपुढे डोळे मिटून उभं राहायला तोंड राहणार नव्हतं. त्याला भीती बहिरेपणाची होतीच, पण त्याहून जास्त ती कुणीतरी ते मोठ्याने बोलण्याची होती.

*

आवृत्ती सोडण्याआधी कानसभा व्हायची. हा त्यांच्याकडचा जुना रिवाज. पहिल्या वर्षी तिघं एका खोलीत, एका स्पीकरसमोर जमिनीवर बसली होती आणि मूळपुरुषाने नियम घातला होता, की तिघांच्या कानांनी पसंत केल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. पुढे तिघं तीन दिशांना पांगली, खोली गेली, नियम राहिला. पंचांग तयार आवृत्तीची लिंक पाठवायचा. प्रत्येकाने ती आपापल्या कॉम्प्युटरवर उतरवायची, तीच ठरलेली स्वरलिपी उघडायची आणि मूळपुरुषाने ‘चला’ म्हटलं की एकदम वाजवायची. संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मग एकेकाने एकच शब्द म्हणायचा, ‘स्वच्छ’. कुणी ‘नाही’ म्हटलं की आवृत्ती थांबली, मग बाहेर लोक कितीही बोंबलोत. मूळपुरुषाने एकदा असं ‘नाही’ म्हणून सगळ्यांना जेरीला आणलं होतं, आणि शेवटी त्याचंच बरोबर निघालं होतं.

या खेपेच्या कानसभेच्या दिवशी सकाळपासून त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. चित्र स्वच्छ होतं, पण चित्रात सगळंच दिसतं असं कुठे आहे? एखादी खरखर, एखादा बारीक चरचराट, जो कानवाल्याला लगेच कळेल आणि त्याला कळणार नाही. मूळपुरुष ‘नाही’ म्हणेल. वर विचारेल, कुठे लक्ष असतं तुझं? आणि तिथे सगळं उघडं पडेल.

घाईघाईत त्याने दोघांना लिंक पाठवली. स्वतःही तीच उतरवली.

“चला,” मूळपुरुष म्हणाला.

तिघांनी डोळे मिटले. तो मात्र पापण्यांच्या फटीतून दोघांकडे बघत होता. कात्रीची बोटं हळूच ताल धरत होती. बासरीचा लांब सूर आला आणि त्याने श्वास रोखला. मूळपुरुषाच्या कपाळावर एकही आठी उमटली नाही. सूर वर गेला, टिकला, उतरला. शेवटचा घास घ्यावा तसं वाद्यवृंदाने मिळून शेवट केला आणि शांत झालं.

“स्वच्छ,” मूळपुरुष म्हणाला.

“स्वच्छ,” कात्री म्हणाली.

“स्वच्छ,” तो म्हणाला.

“डासाचा मागमूस नाही,” मूळपुरुष खूश होऊन म्हणाला. “कसा मारलास रे?”

“खरंच,” कात्री म्हणाली. “मागच्या वेळी माझे दात आंबले होते ते ऐकून. आता किती मोकळं वाटतंय.”

त्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं आणि त्याला हसावं की काय करावं कळेना. तो कसंबसं “जोड होता एक, तो बसवला,” म्हणाला आणि आवृत्ती सोडायचं पान उघडलं. तिथे बटणाआधी विचारतात, कोणती? त्याच्यासमोर दोन होत्या. एक शिट्टी दुरुस्त करण्याआधीची, एक नंतरची. त्याने सवयीने दोघांना पाठवलेल्या लिंकशी ताडून बघितलं.

त्याने जुनी पाठवली होती.

त्याने पुन्हा ताडून बघितलं. मग, दोघं गप्पा मारत असताना, आत्ता ऐकलेल्याचं चित्र काढलं. वर, काळोखात, पांढरा दोरा जिथल्या तिथे होता. सरळ, उजळ, एवढासाही तुटलेला नाही.

त्याने चौकोनांतल्या दोन चेहऱ्यांकडे बघितलं. मूळपुरुष पाणी पीत होता. कात्री कापून टाकलेल्या सोयींपैकी कुठली पुढच्या खेपेला आधी घ्यायची हे सांगत होती. दोघं आनंदात होते. डासच, मलाही तसंच वाटलं. दात आंबले होते माझे. त्याला एकेक वाक्य आठवलं. डास त्याने कॉलेजच्या एका पोराकडून उसना आणला होता, आणि या दोघांनी तो त्याच्याकडून.

करायचं काय ते अगदी सोपं होतं. यादीतली दुसरी आवृत्ती निवडायची आणि बटण दाबायचं. चांगली आवृत्ती बाहेर गेली असती, शाळेतल्या पोरांनी ‘ईऽऽ’ केलं नसतं, आणि अळीमिळी गुपचिळी. मूळपुरुषाची ख्याती शाबूत, कात्रीची शाबूत, त्याचीही. कुणालाही कधी काही कळलं नसतं.

त्याचं बोट बटणावर गेलंही.

पण ती चांगली आवृत्ती कुणी ऐकली होती? त्याने ती फक्त बघितली होती. आणि तिच्यापुढची? हे तिघं असेच डोळे मिटून बसणार, काहीही वाजलं तरी स्वच्छ म्हणणार, आणि बाहेर कुठल्यातरी वर्गात पोरं कानांवर हात ठेवणार. बाई तक्रार करतील, आणि तो लिहील, माझ्याकडे आढळत नाही. आजवर त्याला भीती एकट्याची वाटत होती आणि तिच्या पलीकडे मूळपुरुषाचा कान पहाऱ्याला उभा होता. आता पहाऱ्याला कुणीच नव्हतं. ही भीती पहिलीपेक्षा फार मोठी होती.

“दाबलंस का बटण?” मूळपुरुषाने विचारलं.

“नाही.” त्याने बोट काढून घेतलं. “माझी चूक झाली. लिंक जुनी गेली. आत्ता आपण ऐकलं ते दुरुस्तीच्या आधीचं होतं. शिट्टीसकट.”

कात्रीने मान खाली घातली आणि टेबलावरचं काहीतरी सरळ केलं. मूळपुरुषाने पाण्याचा ग्लास ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

“बरं,” मूळपुरुष शेवटी म्हणाला. “होतं असं. मग नवी ऐकू. पाठव लिंक.”

“हो, होतं असं,” कात्री म्हणाली.

त्याने लिंक पाठवली. तिघांनी उतरवली. “चला,” मूळपुरुष म्हणाला, आणि बासरी आली, व्हायोलिनं आली, सूर वर गेला, टिकला, उतरला. या वेळी कुणी डोळे मिटले नव्हते. कात्रीची बोटं टेबलावर नुसती पडून होती.

“स्वच्छ,” मूळपुरुष म्हणाला.

“स्वच्छ,” कात्री म्हणाली. तिचा आवाज जेमतेम निघाला.

त्याची पाळी आली. शब्द ओठांवर तयार होता, इतक्या वर्षांच्या सवयीचा.

“मला नाही सांगता येणार,” तो म्हणाला. “मघाचं आणि हे, मला दोन्ही सारखंच ऐकू आलं.”

पडद्यावर कुणी हललं नाही. क्षणभर त्याला वाटलं, इंटरनेटच गेलं. मग कात्रीने हळूच मान वर केली. तिने काय ऐकू येत नाही, किती येत नाही, असं काही विचारलं नाही.

“तुला कधीपासून?” तिने विचारलं.

“तीन वर्षं झाली असतील,” तो म्हणाला. आपला आवाज इतका शांत कसा, याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. “आणि तुला?”

तिने आधी बाजूला कुठेतरी बघितलं. मग पुटपुटल्यासारखं उत्तर दिलं.

मूळपुरुषाने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले होते. त्याचा चेहरा पडद्याच्या इतका जवळ आला होता की चौकोनात फक्त डोळे आणि कपाळ उरलं होतं. ते डोळे एकदा कात्रीच्या ओठांकडे गेले आणि मग त्याच्याकडे वळले.

“ती काय म्हणाली?” मूळपुरुषाने विचारलं. “तुझं कळलं मला. तिचं नाही आलं. जरा मोठ्याने सांगतोस?”

त्याने मागे वळून लावलेल्या दाराकडे बघितलं. दारापलीकडे बायको होती. मग तो पुन्हा पडद्याकडे वळला, पुढे झुकला आणि सगळ्या घरात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “तिला चार वर्षं झाली म्हणते. आणि मला तीन.”